अनुमोदक

माझं नाव लाउडस्पीकरवरून ऐकायची मला सवय नाही. शाळेत ते कधी पुकारलं गेलं नाही, बक्षिसासाठी नाही आणि छडीसाठीही नाही. त्यामुळे डब्लिनजवळच्या नास गावातल्या त्या हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये, सकाळचा चहा उरकून, हातात स्कोन नावाचा अर्धा खाल्लेला गोड पाव घेऊन मी माझी खुर्ची शोधत होतो, तेव्हा स्टेजवरून "गुरूनॅट टिप्निस" असं काहीतरी आलं आणि मला आधी वाटलं, कुणाची तरी गाडी आडवी लागलीय, काढायला सांगताहेत. मग पुढचं वाक्य आलं. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा आहे, त्यासाठी दोन नावं नक्की झाली आहेत, मिसेस नोरीन टूही आणि हे, म्हणजे मी; नावं मागे घ्यायची मुदत चहाबरोबर संपली; आता दोघं बोलतील आणि मग मतदान. टाळ्या वाजल्या. मेयोहून आलेला एक लालबुंद चेहऱ्याचा शेतकरी माझ्या शेजारी होता, त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की स्कोनवरचं लोणी टायला लागलं. "फेअर प्ले टू यू, गुरू," तो म्हणाला. मी हसलो. हसू येत नव्हतं, पण माझा चेहरा अशा वेळी मला विचारत नाही. मुदत संपली म्हणजे काय? मला आत कुणी बोलावलंच नव्हतं.

आत म्हणजे कुठे, हे त्या हॉलमधल्या एकालाही सांगून कळलं नसतं. मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे निवडणूक सोसायटीची असो, गणेशोत्सवाची असो, नाहीतर इथल्या मंडळाची, खरी निवड आतल्या खोलीत होते. बाहेर बटाटेवडे चालू असतात आणि आत चार जाणती माणसं कुणाला काय द्यायचं ते ठरवून टाकतात. ज्याला व्हायचं असतं तो अर्ज भरतो, आणि निवडणूक झाली असं दिसावं म्हणून एक डमी अर्ज भरला जातो. डमी कोण, तर जो कुणाच्या अध्यात ना मध्यात असा, विश्वासातला माणूस. चहाच्या सुमारास त्याला आत बोलावतात, "चला साहेब, सही करून टाका," तो सही करतो, नाव मागे घेतो, आणि बाहेर येऊन पहिली टाळी तोच वाजवतो. मी आजवर बऱ्याचदा डमी झालोय आणि भूमिका चोख वठवलीय. म्हणून परवा पक्षाचा सेक्रेटरी डेक्लन फोनवर म्हणाला, "एकच नाव बरं दिसत नाही, गुरू. कागदावर दुसरं एखादं हवं. तुझं घातलं तर चालेल?" तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. उलट बरंच वाटलं. म्हटलं, घ्या, इथेही रीत तीच. "घाला की," मी म्हणालो. सकाळपासून मी हॉलच्या डाव्या बाजूच्या बंद दारावर डोळा ठेवून होतो. चहाच्या वेळी मुद्दाम एकटा उभा राहिलो, बोलावणाऱ्याला सोपं जावं म्हणून. डेक्लन समोरून गेला तो अंगठा वर करून गेला. मग मीच जाऊन ते दार ढकलून पाहिलं. आत एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या आणि एक व्हॅक्यूम क्लीनर.

पक्षाचं नाव हार्थ. म्हणजे चूल, शेकोटीची जागा, घरातली ऊब वगैरे. या देशातल्या निम्म्या लोकांनी घरातली शेकोटी बुजवून तिथे टीव्ही टांगलाय, पण पक्ष चुलीचा. संसदेत एकही माणूस नाही, गावोगावचे मिळून मूठभर काउन्सिलर. मी त्यात शिरलो तो बसथांब्यासाठी. डब्लिनच्या कडेला, ओंगारला, आमच्या वसाहतीत घरं झाली, शाळा झाली, पण बस कोपऱ्यावरून वळून निघून जायची. नोरीन टूही तेव्हा दारोदार सह्या गोळा करत होती. क्लोन्सिलाच्या बाजूची, पोस्टात आयुष्य काढलेली, आणि पोस्ट बंद झाल्यावर हातांना काम हवं म्हणून देशाच्या मागे लागलेली बाई. तिने माझ्याकडून आधी सही घेतली, मग टेबल उचलायला मदत घेतली, मग मीटिंगला बोलावलं. मीटिंगमध्ये तिने ठराव मांडला, याला दुजोरा कोण देतंय असं अध्यक्षांनी विचारलं, आणि माझा हात वर गेला. तेव्हापासून नोरीन मांडते आणि मी हात वर करतो. बस थांबायला लागली. माधवी, माझी बायको, तेव्हाच म्हणाली होती, "बस आली ना दाराशी? झालं तर. आता कशाला जातोस तिथे? हात दाखवून अवलक्षण." माधवी इथेच नासच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. आज तिची ड्यूटी होती, दुपारी तिला घेऊन आम्ही घरी जाणार होतो.

हात वर करणं हे आमच्या घराण्यात आहे. माझे वडील, अण्णा, एरंडवण्याच्या सोसायटीत आणि पाटबंधारे खात्याच्या पतपेढीत जन्मभर अनुमोदक होते. "आजच्या सभेचे अध्यक्षस्थान अमुक अमुक यांनी भूषवावे अशी मी सूचना मांडतो," हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं, आणि मग सतरंजीच्या कडेला बसलेले अण्णा हात वर करणार. फार वर नाही. कोपर अंगाशी, पंजा कानाच्या उंचीला, आणि घसा साफ करून एवढंच, "माझे अनुमोदन आहे." मी त्यांच्या मांडीला टेकून बसलेला असायचो, हात वर जाताना धुतलेल्या बाहीचा आणि खिशातल्या बडीशेपेचा वास यायचा. मला ते फार मोठं काम वाटायचं. सगळी सभा त्या एका हातासाठी थांबायची आणि हात वर गेला की सुटायची. घरी येताना अण्णा सांगायचे, गुरू, अनुमोदन देणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही. फसलं तर सूचकाचं फसतं आणि साधलं तर आपणही त्यात असतोच. आई यावर पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "भीड भिकेची बहीण, दुसरं काय!" मला आईचा राग यायचा. आज टायवरचं लोणी पेपर नॅपकिनने पुसताना, ते आणखीच पसरताना, मला पहिल्यांदा अण्णांचा राग आला. ज्याला मी शहाणपण समजत होतो ती साधी भीती होती, इस्त्री केलेली. आणि ती मी जशीच्या तशी अंगावर चढवली. राजीवदादा इंजिनियरिंगला गेला म्हणून मी गेलो. एका मित्राने डब्लिनच्या नोकरीचा अर्ज भरला, त्याच्यामागे मी भरला. तो थंडीला कंटाळून परत गेला आणि मी इथलाच नागरिक झालो. माधवीला बघायला गेलो तेव्हासुद्धा बाहेर आल्यावर दादा म्हणाला, मुलगी छान आहे, आणि मी म्हणालो, हो, छान आहे. ते मात्र नशिबाने साधलं.

ज्ञानदा बाहेर लॉबीत बसली होती, केमिस्ट्रीचं पुस्तक आणि कानात इयरफोन घेऊन. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं, तेही असं की आवाज फक्त ऐकला तर कुठल्याही मेरी-शिनेडचा वाटावा. तिला आणायचं नव्हतं, पण घरी एकटी सोडणं आता जमत नाही, मला. जून महिन्यात ती ब्लँचर्ड्सटाउनहून बसने घरी येत होती. तीच बस, जी मी आणि नोरीनने आणली. मागच्या सीटवरच्या दोन मुलांनी विचारलं, कुठली तू? ही म्हणाली, ओंगार. ते हसले, आणि उठताना त्यांनी हातातला कोकचा कॅन तिच्या डोक्यावर सावकाश, अगदी सावकाश, रिकामा केला. बसमध्ये माणसं होती. कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी फोनमध्ये. मी त्या दिवशी घरून काम करत होतो. दार उघडलं तर ही उभी, केसांतून तपकिरी पाणी गळतंय. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येच तिने केस धुतले. मी टॉवेल धरून मागे उभा राहिलो. पोलिसांत जाऊ या म्हटलं, तर नको म्हणाली. आईलाही सांगायचं नाही म्हणाली. नळ बंद करून, डोकं तसंच खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा, कॅन वुई जस्ट नॉट बी सीन? फॉर अ व्हाइल?" दिसायचं नाही. एवढंच मागणं होतं तिचं, आणि मी तिला शब्द दिला. दुसऱ्या दिवशी दारावरची पितळी पाटी काढली, तुळशीबागेतून करून आणलेली, टिपणीस, देवनागरीत. माधवीला सांगितलं, पॉलिश करायची आहे. पाटी प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, डाळींच्या डब्यांमागे ठेवली. दारावर चार स्क्रूंची भोकं राहिली आहेत. मंडळाच्या गणपतीच्या फोटोंत मी या वर्षी कडेला उभा राहिलो. डमीला हो म्हणालो ते याच हिशोबाने, की डमीचं नाव कुठे छापून येत नाही.

आता ते नाव स्टेजमागच्या पडद्यावर माझ्या पंजाएवढ्या अक्षरांत झळकत होतं. मी डेक्लनला गाठलं. चांगला मुलगा आहे, तिशीतला, झोप न झालेला, सतत काहीतरी चघळणारा. मी म्हटलं, डेक्लन, काहीतरी चूक झालीय, मला उभं राहायचं नाहीये, मला वाटलं तुम्ही नाव काढून घ्याल. "आम्ही? तुझं नाव आम्ही कसं काढणार?" तो खरोखर गोंधळला. मी त्याला आतल्या खोलीचं काय सांगणार होतो? मग त्याचा चेहरा मऊ झाला. नर्व्ह्ज, तो म्हणाला, सगळ्यांना होतं. मग आवाज खाली आणून त्याने मला ते सांगितलं जे त्याच्या मते आनंदाचं होतं. या देशात छोट्या पक्षाला उमेदवार मतपत्रिकेवर आणायचा तर चार काउंटी काउन्सिलांचे ठराव लागतात. नोरीनसाठी एकही तयार होईना. पण माझं नाव निघाल्यावर तीन ठिकाणांहून होकार आलेत, चौथं येईलच. "या वर्षी, परदेशी लोकांवरच्या हल्ल्यांच्या या सगळ्या घाणीनंतर, तुझा चेहरा आपण खांबाखांबावर लावायचा, गुरू. ओंगारपासूनच सुरुवात. बघू दे त्यांना." बघू दे त्यांना. मी म्हणालो, आणि मला नाही म्हणायचं असेल तर? तो हसला. "अजून वेळ आहे. निकाल लागला की हरलेल्याने ठराव मांडायचा, की ही निवड एकमताने झाली असं धरावं. आपली पद्धत आहे. त्या ठरावाला कुणी दुजोरा दिला की उमेदवारी पक्की. तोपर्यंत उठून नाही म्हण. त्यानंतर तू आमचा." असं म्हणून त्याने माझा टाय सरळ केला.

मी तो नियम लहान मुलाने खिशात गोटी धरावी तसा धरून ठेवला. शिवाय मला बोलायचं होतंच, तिथेच प्रश्न मिटवता येणार होता. माझी पाळी आधी आली. माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता, तो खाली करायला कुणीतरी आलं, मी सॉरी म्हणालो, तोही सॉरी म्हणाला, लोक हसले. मी सांगून टाकलं. मी इथे नोरीनसाठी आलोय. मला मत देऊ नका, तिला द्या. मी पहिला माणूस नाही, हात वर करणारा माणूस आहे. मग, बोलायला आणखी काही नव्हतं म्हणून, आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्याचं सांगितलं. बॉयलर बंद पडला, ज्ञानदा लहान, घरात तोंडातून वाफ निघत होती, आणि सह्यांच्या वेळची तोंडओळख एवढ्यावर ही बाई सूपचं पातेलं आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. मी नको नको म्हणत होतो आणि ती मला बाजूला सारून आत गेली. ते सगळं खरंच होतं. पण हॉलकडे पाहिलं आणि हबकलो. मी स्वतःला जितका खाली ओढत होतो तितके त्यांचे चेहरे उजळत होते. एक म्हातारी डोळे पुसत होती. तेव्हा मला आमच्या घरच्या पंगती आठवल्या. पाहुणा ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणायचा, आणि आई बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. नको म्हणणाऱ्याला वाढायचं असतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नोरीनच्या घरीही चहाला चारदा नाही म्हटल्याशिवाय हो म्हणायचं नसतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. आणि तरी मी शंभर आयरिश माणसांसमोर उभा राहून नको म्हणालो होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरू फॉर द आरस!" आरस म्हणजे फिनिक्स पार्कमधलं राष्ट्राध्यक्षांचं पांढरं घर. मग सगळेच ओरडायला लागले.

नोरीन नंतर बोलली. नवा हिरवा कोट घालून आली होती, केस सेट केलेले. सकाळी पार्किंगमध्ये तिने माझा दंड धरून सांगितलं होतं, "आपण काही जिंकत नाही रे, गुरू. पण एकदा. आयुष्यात एकदाच, माझ्या गावातल्या खांबांवर माझं नाव. टॉमला किती मजा वाटली असती." टॉम तिचा नवरा, गेला. आता ती चष्मा पुसून कार्डांवरून वाचत होती, बंद पडलेल्या पोस्टांबद्दल, पेन्शन घ्यायला बसने दूर जाणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल. सगळं खरं होतं, आणि सगळं लांबत होतं. एक कार्ड खाली पडलं, ते उचलायला तिला वेळ लागला. लोक खोकायला लागले. मेयोचा शेतकरी माझ्या कानाशी म्हणाला, "सोन्यासारखी बाई आहे, पण..." आणि तो पण तसाच हवेत राहिला. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मी धरला नाही, मान हलवली. माझी मान हलली हे कळलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली.

मतपत्रिका हातात आली तेव्हा मी नोरीनच्या नावापुढे इतका दाबून पहिल्या पसंतीचा एकचा आकडा काढला की कागद फाटता फाटता वाचला. पेटीत टाकली आणि जरा श्वास आला. मोजणी समोरच चालली होती, दोन गठ्ठे, सारख्या उंचीचे. मी लॉबीत डोकावलो. ज्ञानदाने इयरफोन काढून विचारलं, "आर वुई डन?" मी म्हणालो, झालंच, थोडंसंच. "दे वेअर शाउटिंग युवर नेम," ती म्हणाली. मी म्हणालो, अगं, ते नोरीनसाठी, मी तिच्याबद्दल बोललो ना. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत अविश्वास नव्हता, तेच जास्त वाईट. "यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागली. मी तिच्यासाठी मशीनमधून हॉट चॉकलेट आणलं. मी मनात वाक्य तयार केलं, इंग्रजीत, सोपं. थँक यू, बट आय डिक्लाइन इन फेव्हर ऑफ मिसेस टूही. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणायचो तसं ते म्हणत म्हणत हॉलमध्ये गेलो. लागलंच तर. लागणार नाहीच बहुधा.

लागलं. एका मताने. मी, एका मताने. आकडा सांगितला गेला आणि क्षणभर कुणालाच तो नीट कळला नाही, मग खुर्च्या मागे सरकल्याचा एकच आवाज झाला. माझ्याभोवती माणसांची भिंत झाली, ट्वीडची, परफ्यूमची, ओल्या कोटांची. कुणी हात हलवत होतं, कुणी गालाला गाल लावत होतं. श्वास घ्यायला जागा नव्हती. त्या भिंतीतून नोरीन आली. तिने मला मिठी मारली; तिच्या कोटाला अजून दुकानाचा वास होता. हसत होती, पण खालचा ओठ काही केल्या जागेवर राहत नव्हता. "मी तुलाच मत दिलं, गुरू," ती माझ्या कानात म्हणाली. "स्वतःला कसं देणार? आई म्हणायची, ते बरं दिसत नाही." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी ज्ञानदाला दिलेल्या शब्दासाठी नोरीनला मत दिलं, तिने रीत म्हणून मला दिलं. तिने एकदा, फक्त एकदा, अंमळ हावरेपणा केला असता तर निकाल उलटा लागला असता. या बाईला पोस्टर हवं होतं, माझ्या मुलीला ते नको होतं, आणि आम्ही दोघं सभ्य माणसांनी आपापल्या सभ्यपणाने त्या दोघींनाही लुटलं होतं. मी म्हणालो, नोरीन, ऐक, हे तुझं आहे, मी आता उठून सांगणार आहे. "चूप," ती म्हणाली, आणि स्टेजकडे गेली. तिला पायरी चढायला डेक्लनने हात दिला.

ठराव तिने छान मांडला. कार्ड नव्हतं, चष्मा नव्हता, एकही शब्द लांबला नाही; मघाशी अशी बोलली असती तर! "माझा मित्र गुरू याची निवड एकमताने झाली असं या सभेने धरावं, असं मी सुचवते." टाळ्या उसळल्या आणि विरल्या. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर माझ्यासमोर गुडघ्यावर बसला होता. अध्यक्ष माइककडे वाकले. ठरावाला दुजोरा? आणि मग ती शांतता झाली. ती मला ओळखीची आहे. प्रत्येक सभेत ती येते, एरंडवण्याच्या सतरंजीवर यायची तशीच नासच्या गालिच्यावर. सगळ्यांना वाटतं दुसरं कुणीतरी देईल, आणि कुणीच देत नाही, आणि सभा त्या एका गोष्टीसाठी श्वास धरून थांबते. हीच माझी वेळ होती. वाक्य तोंडात तयार होतं. मी उठून उभा राहिलो, हे मला पक्कं आठवतं. थँक यू, एवढं ओठांवर आलंही असेल. शांतता लांबत चालली होती, नोरीन स्टेजवर अवघडून उभी होती, अध्यक्ष इकडेतिकडे बघत होते, आणि मला ते बघवेना, असं कुणाला ताटकळत ठेवणं मला कधीच बघवलेलं नाही. कोपर अंगाशी राहिलं. पंजा कानाच्या उंचीला गेला. बडीशेपेचा वास आला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आय सेकंड."

पहिले दोन क्षण कुणाला उमगलं नाही. मग हॉल असा हसला, असा मायेने आणि मनापासून हसला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. स्वतःच स्वतःला दुजोरा! मेयोचा शेतकरी डोळे पुसत होता. अध्यक्षांनी हातोडी आपटली, पक्कं, पक्कं, पक्कं. आणि त्या गदारोळात मागच्या दारातून एक आवाज आला. फार मोठा नव्हता, पण त्या हॉलमध्ये तो एकाच माणसाला कळणार होता. ज्ञानदा दारात उभी होती, केमिस्ट्रीचं पुस्तक छातीशी धरून. "बाबा," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी, मी तिला शिकवलेल्या भाषेत, "बाबा, हात खाली घे. खाली घे ना."

मी ऐकलं. हात अजून वरच होता, त्याचा मला विसर पडला होता. समोरचा फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या मागून म्हणाला, "सुंदर, गुरू. तसाच धर. अजून एक."

मी धरला.